बबल आहे, पण समोरचं दिसेल तर शपथ

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जानेवारीत, उणे 20 सेल्सिअसमध्ये, चेअरलिफ्टवरचं, म्हणजे स्की करणाऱ्यांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांवरचं, ते पारदर्शक झाकण, अर्थात बबल, देवासारखं धावून यायला हवं. आमच्या डोंगरावर ते खाली ओढलं की समोरचं जग गायब! मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी बघावं तसं. स्कीच्या काठ्या आपटतात, स्कीच्या कडा घासतात, ते चालायचंच. पण सकाळी कामगार त्यावरचा बर्फ कडक ब्रशने खराखरा खरवडतात, त्याचं काय? अहो, ते पॉलिकार्बोनेट आहे. सहज फुटत नाही म्हणून वापरतात, पण ओरखडे लगेच पडतात. कोरडं घासायचंच नसतं. पाणी आणि मऊ फडकं, एवढंच मागतंय बिचारं.

अमेरिकेतल्याच पार्क सिटीत, युटामध्ये, 2010 साली नारिंगी बबल आणि गरम सीटची लिफ्ट आली. तसली हौस आता सगळ्यांनाच. हौसेला मोल नाही म्हणतात, पण देखभालीला असतं ना! या खुर्च्या स्टेशनवर तारेवरून सोडवता येतात, रात्री शेडमध्ये नेऊन ठेवता येतात. आमच्याकडे शेड आहे, खुर्च्या बाहेर. तेही झाकणं उघडी टाकून. मग सकाळी सीटवर बर्फाची गादी, आणि बिजागऱ्या अशा गोठलेल्या की अख्ख्या रांगेने जोर लावला तरी झाकण अर्ध्यातच अडकतं.

परवा लिफ्टवाल्यांना विचारलं, तर म्हणे वारा असला की बबल उघडे लॉक करावे लागतात. नियम बरोबर आहे. फक्त त्या दिवशी वरचा झेंडासुद्धा हलत नव्हता.