तपास मैदानावर का शिकता येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाची आहे. तिथेच खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे तपासात जायचं असेल तर पहाटे मैदानावर जेवढा वेळ देता त्याच्या निम्मा तरी कोर्टात बसून आणि लिहिण्याच्या सरावात घालवा, असं मी भरतीच्या पोरांना सांगितलं होतं. भरतीची अकॅडमी चालवणाऱ्या या सरांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं. एक, कोल्हापुरातली गरिबाची पोरं रंकाळ्यावर पळून पळून वर्दीपर्यंत पोचतात, त्यांना मी खच्ची करतोय. दोन, तपास ही रक्तातली गोष्ट आहे, डीबीतला, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातला, जुना हवालदार चेहरा बघून चोर ओळखतो, त्याला कागद लागत नाही. तीन, आता सीसीटीव्ही आणि सीडीआरने (फोन कॉलच्या नोंदींनी) गुन्हे उघडकीला येतात, पंचनाम्याचं पुराण जुनं झालं. आणि चार, "तुम्ही नोकरीभर कोर्टात पैरवी केली, एक चोर धरला नाही, तुम्ही तपास काय शिकवणार?"

चौथ्यापासूनच सुरुवात करतो. चोर मी धरले नाहीत, खरं आहे. पण दुसऱ्यांनी धरलेले चोर कोर्टातून घरी जाताना मी भरपूर बघितले. पैरवी अंमलदाराचं काम म्हणजे साक्षीदारांना समन्स पोचवणं, मुद्देमाल कोर्टापुढे हजर ठेवणं, सरकारी वकिलांना कागद काढून देणं आणि बाकी वेळ मागच्या बाकावर बसून ऐकणं. तपासी अंमलदार साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या तपासाचं काय होतं, हे डीबीतल्या माणसाला क्वचितच दिसतं. तो तोवर पुढच्या गुन्ह्यामागे लागलेला असतो. ते रोज बघायला मला पगार मिळत होता.

एक उदाहरण देतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. मंगळसूत्र हिसकावल्याचा गुन्हा. डीबीने पोरगा दोन दिवसांत उचलला, माल काढला, पेपरात फोटो आला. खटला उभा राहिल्यावर आरोपीच्या वकिलांनी आवाजही चढवला नाही. मालाच्या जप्ती पंचनाम्यावर वेळ होती संध्याकाळी पाचची, ठिकाण शिरोलीकडचं. त्याच अंमलदाराची त्याच संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची नोंद ठाणे दैनंदिनीत होती, सीपीआर रुग्णालयात जखमीचा जबाब घेत असल्याची. वकिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि यातलं खरं कोणतं, एवढंच विचारलं. दोन पंचांपैकी एक आधीच फितूर झाला होता. संशयाचा फायदा मिळून पोरगा सुटला. ज्या बाईचं मंगळसूत्र होतं ती मला बाहेर व्हरांड्यात विचारत होती, "साहेब, माल तर सापडला होता न्हवं?"

सापडला होता. धरणाऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. पंचनामा मात्र बहुधा रात्री ठाण्यात बसून, आठवेल तसा लिहिला गेला होता. चोर ओळखायची नजर त्या डीबीवाल्याकडे होतीच की, सर.

आता रक्तातल्या तपासाचं. खबऱ्याचं मोल मी कमी लेखत नाही. गुन्ह्याचं पहिलं टोक निम्म्या वेळा तोच हातात देतो. खबर कुठून मिळाली हे सांगायला कायदाही पोलिसाला भाग पाडत नाही. पण त्यामुळेच खबऱ्या पिंजऱ्यात कधी येत नाही आणि त्याचा शब्द पुरावा होत नाही. त्याने दाखवलेल्या दिशेला जाऊन जे सापडेल ते कोर्टात टिकेल असं गोळा करणं, हे शिकावं लागतं. चेहरा बघून चोर ओळखणारा हवालदार मीही पाहिलाय. तो फक्त बरोबर ठरलेले चेहरे सांगतो.

तुमच्या प्रतिक्रियेत "पट्टा दाखवला की पोपटासारखे बोलतात" असंही एक वाक्य आहे. ते पोरांपुढे बोलू नका, एवढी विनंती. बोलले तरी काय उपयोग? पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हे पुरावा कायद्यात ब्रिटिशांच्या वेळेपासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये तसंच आहे. वाट एकच उरते. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं त्याचं सांगणं चालतं. म्हणून निवेदन पंचनामा त्याच्याच शब्दांत लिहायचा, पंच त्या भागातले स्वतंत्र हवेत, आणि जागा अशी हवी की जिथे वस्तू आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असावं. पंचगंगेच्या घाटावर सगळ्यांच्या नजरेसमोर पडलेला कोयता "काढून दिला" म्हणून लिहिला, तर त्याला किंमत राहत नाही. आणि तेच ते दोन पंच प्रत्येक गुन्ह्यात सही करताना दिसले की न्यायाधीशांच्या लक्षात येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलेत, अटकेच्या वेळी काय पाळायचं ते १९९६ च्या डी. के. बसू निकालात बांधून दिलंय. पट्ट्यावर तपास शिकलेला पोरगा उद्या स्वतःच आरोपी होईल.

आपल्या जिल्ह्यातलंच मोठं प्रकरण घ्या. १९९६ मध्ये उघडकीला आलेलं गावित बहिणींचं बालहत्याकांड. तेव्हा अख्खं कोल्हापूर त्याच विषयावर बोलत होतं आणि पोलिसांनी यांना तिथेच संपवायला हवं होतं, असं म्हणणारे पैशाला पासरी होते. त्यात एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला. लोकांना वाटलं, झालं, घरातलाच माणूस बोलला. पण माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर कोर्ट सहसा शिक्षा देत नाही, त्याला बाहेरच्या पुराव्याची जोड लागते. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. आरोप जास्त खुनांचे होते, शेवटपर्यंत टिकले पाच. दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, तो वेगळा विषय. जे पाच टिकले ते साक्षीपुरावा जुळला म्हणून टिकले. गावाच्या संतापाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

सीसीटीव्ही आणि सीडीआरने पंचनामा जुना झाला, या मुद्द्यावर मात्र मला खरोखर वाद घालायचाय. सर, उलटं झालंय. लिखापढी वाढलीय.

गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या दुकानातलं फुटेज घ्यायचंय असं धरा. पहिली गोष्ट, लवकर जायला हवं, कारण डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं लिहितो. दुसरी, त्या डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. पडद्यावर दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांतला फरक तिथल्या तिथे पंचनाम्यात लिहिला नाही, तर दुकानातला चोर गुन्ह्याच्या वीस मिनिटं आधी पळालेला दिसतो आणि उलटतपासात तपासी अंमलदाराला घाम फुटतो. तिसरी, त्या फुटेजला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. नव्या नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा एक आकडा, नोंदवायची असते. फाइलमध्ये एका अक्षराचा फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो. या प्रमाणपत्राशिवाय प्रत चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात ठामपणे सांगितलं. कायदा तेव्हा जुना होता, पण अट तीच. सीडीआरचंही तसंच. आणि सीडीआर फार तर फोन कोणत्या टॉवरखाली होता ते सांगतो. तो कोणाच्या हातात होता, हे माणसांना विचारूनच सिद्ध करावं लागतं.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक झालंय, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यायचं, असं कलम १७६ सांगतं. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पण तज्ज्ञ येईपर्यंत जागा राखणारा, गर्दी मागे सारणारा आणि कोण आत गेलं कोण बाहेर आलं हे लिहून ठेवणारा पहिला माणूस शिपाईच असतो. तुमच्याच अकॅडमीतून गेलेला. रक्ताचे कपडे त्याने ओले तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर आत ओल धरते, नमुना कुजतो आणि सीए (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टमध्ये निष्कर्ष निघत नाही. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे, लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या. आणि त्या डागाला पंचनाम्यात "रक्ताचे डाग" म्हणायचं नाही, "रक्तासारखे दिसणारे लाल डाग" म्हणायचं. दागिना "पिवळ्या धातूचा". पोरं हसतात याला. पण डोळ्यांना जे दिसलं तेवढंच लिहायचं आणि मनातलं कागदावर येऊ द्यायचं नाही, ही सवय ज्याला लागली त्याचा निम्मा अभ्यास झाला.

मैदानाबद्दल. मी पोरांना खच्ची करत नाही, हिशेब मांडतो. शिपाई भरतीत मैदान ५० गुणांचं, लेखी १०० चं. उपनिरीक्षकाच्या परीक्षेत तर मैदान फक्त पात्र ठरण्यापुरतं, पुढची यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखतीवर लागते. पळायलाच हवं, नाहीतर दारातूनच परत. पण "डिटेक्टिव्ह" अशी सरळ भरती आपल्याकडे नाही, हे तुमच्या जाहिरातीच्या फलकावरही लिहा की. स्थानिक गुन्हे शाखेत (एलसीबी) कोणी पहिल्या दिवशी जात नाही. शिपाई म्हणून लागलात तर तुरचीसारख्या प्रशिक्षण केंद्रात जायचं, उपनिरीक्षक झालात तर नाशिकच्या अकादमीत, मग ठाणं, मग बीट (ठाण्याच्या हद्दीतला एक भाग), आणि साहेबांना तुमचं काम दिसलं तर डीबी किंवा एलसीबी. नाशिकला गुन्हे तपासाचं वेगळं विद्यालयही आहे. मे २०२५ मध्ये गृह विभागाने पदवीधर आणि सात वर्षं सेवा झालेल्या शिपायांना, तिथला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण केल्यावर, किरकोळ गुन्ह्यांचा तपास करायची मुभा दिली. म्हणजे ज्या शिपायाला तुम्ही "फक्त पळायचं" शिकवताय, त्याच्याच नावाने उद्या केस डायरी (तपासाची रोजची नोंद) लिहिली जाणार आहे. ती लिहायची तयारी त्याने कधी करायची?

तुम्ही सुचवलेल्या "खाजगी गुप्तहेर डिप्लोमा"बद्दल दोनच वाक्यं. खाजगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही, त्यामुळे त्या प्रमाणपत्राने ना अधिकार मिळतो ना भरतीत गुण. उलट असल्या धंद्यात कोणी सीडीआर मिळवून देतो म्हणाला तर पोरांनी तिथून चालतं व्हावं, २०१८ मध्ये ठाणे शहरात याच कारणावरून खाजगी गुप्तहेरांना अटक झाली होती. न्यायवैद्यक शास्त्राची पदवी ही वेगळी आणि चांगली वाट आहे, पण ती प्रयोगशाळेकडे जाते, ठाण्याकडे नाही.

आता तुम्ही उपहासाने विचारलंत, "मग काय पोरांना वही-पेन घेऊन बसवू?" हो, बसवा. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात एका कोपऱ्यावर पाच मिनिटं उभं करा, वही खिशात. मग अकॅडमीत आणून लिहायला लावा : कोणत्या दिशेला काय, अंतर किती पावलं, दिवा कुठे, कोण माणूस कशाने लक्षात राहिला. दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन तिथे परत न्या. स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासताना जे तोंड होतं, ते माझ्या लेखाने होणार नाही. दुसरा सराव जबाबाचा. एकाने घडलेली गोष्ट सांगायची, दुसऱ्याने त्याच्याच बोलीत लिहायची. कागलच्या म्हातारीच्या जबाबात "सदर इसमाने मजकडे येऊन" असं आलं, की पुढे कोर्टात ती म्हणते "हे मी बोललेच नाही", आणि ती खरंच बोललेली नसते.

आणि कोर्टात आणा. कसबा बावड्याला न्यायसंकुलात सत्र खटले चालतात, सुनावणी उघड असते, बसायला कोणाची परवानगी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही सीपीआरसमोर सुरू झालंय, तिथे अपिलात खालचा तपास कसा उसवला जातो ते ऐकायला मिळेल. कामकाजाच्या दिवशी अकराच्या आधी या, फोन बंद ठेवा, वर्दीसारखे टी-शर्ट घालून एका रांगेत पन्नास पोरं आणू नका, चार-पाच जण पुरेत. लैंगिक अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे बाहेर थांबायला सांगतील, वाद घालू नका. तपासी अंमलदाराची साक्ष कोणत्या दिवशी आहे ते बोर्डावरून कळत नाही, ते पैरवीच्या हवालदाराला विचारावं लागतं. मी आता तिथे नसलो तरी जो असेल तो सांगेल, चहा पाजा फक्त.