गावात माणसे किती?

उत्तराखंडातल्या पौडी गढवाल जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावरच्या एका गावात मी महिनाभर मुक्कामाला होतो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ‘गावात माणसे किती?’ असा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न माझ्या तोंडून गेला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बोडीजी, म्हणजे आपल्याकडच्या थोरल्या काकू, तवा न सोडता ‘दोनशे’ म्हणाल्या. अंगणात उभे राहून मी मोजले, तर धूर निघणारी घरे सहा भरली. बाकीच्या, दगडी पाट्यांनी शाकारलेल्या घरांना कुलुपे होती आणि त्यांतल्या एका कुलपावर कोळ्याने बिऱ्हाड थाटले होते.

बोडीजींचा हिशेब पुढे हळूहळू उलगडला. त्यांच्या दोनशेत देहरादूनचा मुलगा, फरिदाबादची सून, दुबईच्या हॉटेलात स्वयंपाक करणारा पुतण्या आणि त्या पुतण्याला पुढेमागे होणारी मुले अशी सगळी धरलेली होती. प्रत्यक्षात मला धरून माणसे अकरा, आणि त्यांत सर्वांत तरुण मी, चोपन्न वर्षांचा.

हे तारुण्य मला फार जड गेले. दुकान खाली, गाडीरस्त्यावर, आणि मध्ये चारशे बारा पायऱ्या. (चढताना मोजण्यापलीकडे दुसरे काही सुचत नाही.) मी पावशेर साखरेसाठी निघालो की बातमी माझ्या पुढे धावे: ‘भुला, बिडीचे बंडल!’, ‘भुला, गुडघ्याचे मलम!’ भुला म्हणजे धाकटा भाऊ. या वयात कोणी धाकटा म्हटल्यावर नकार द्यायला जीभ उचलत नाही. एकदा खेचरवाला आला नाही, म्हणून मी आणि सत्तरीचे एक निवृत्त फौजी गॅसचा सिलिंडर आणायला गेलो. सिलिंडर त्यांच्या पाठीवर, माझ्या हातात फक्त रेग्युलेटर. तरीही दर वीस पायऱ्यांनी मी ‘वा, चौखंबा!’ म्हणून थांबत होतो. त्या 7,138 मीटर उंच शिखराची इतकी तारीफ कोणी केली नसेल. तिसऱ्या खेपेला मात्र शिखर पूर्ण ढगात आहे, हे फौजींनी अदबीने माझ्या निदर्शनास आणून दिले.

एका रात्री मी बोडीजींना मोठ्या कळवळ्याने सांगितले, की 2001 ते 2011 या दहा वर्षांत पौडी आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. त्यांना त्यात नवल वाटले नाही. शेतात माकडे आणि रानडुकरे, नोकऱ्या खाली मैदानात, मग पोरे राहणार कशी? सरकारने 2017 साली ‘पलायन आयोग’ही नेमला आहे. हिंदीत पलायन म्हणजे स्थलांतर. मला मात्र तो तुरुंग फोडून पळालेल्यांच्या मागावरचा आयोग वाटला. तेवढ्यात ताटातल्या मंडुव्याच्या रोटीकडे आणि गहतच्या फाणूकडे लक्ष गेले. ही तर आपली नाचणी आणि आपले कुळीथ! आणि त्याच जनगणनेत रत्नागिरी व सिंधुदुर्गही घटले होते, आणि गुहागरजवळच्या माझ्या घराची किल्ली डोंबिवलीत खिळ्याला टांगलेली होती. मी निमूटपणे आणखी एक रोटी मागितली.

परत येऊन दोन महिने झाले असतील, तोच बोडीजींचा फोन आला. देवीची पूजा आहे, बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाने पाचशे एक रुपये पाठवायचे ठरले आहे.

‘पण मी कुठे गावचा?’ मी विचारले.

‘मग दोनशे एकावा कोण?’ बोडीजी म्हणाल्या, आणि येताना गुडघ्याचे मलम आणायला सांगून त्यांनी फोन ठेवला.