आजोबांचा बांध आणि माझी सही

गोव्यात शेतजमिनीचं बांधकामासाठी रूपांतर करण्याचा वाद पेटला की आम्हा बाहेर राहणाऱ्यांना ठरलेलं उत्तर मिळतं, तुम्ही गेलात ना सोडून, मग बोलू नका. मला ते लागतं, कारण अर्धं खरं आहे.

आजोबांची शेती मांडवीतल्या चोडण बेटावर, खाजन जमीन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. मे महिन्यात रायबंदरहून फेरीबोटीने पोचलो की दुसऱ्या सकाळी त्यांच्या मागोमाग बांधावर, कारण खेकड्यांनी पाडलेली भोकं पावसाआधी बुजवायची असायची, ते ओली माती थापायचे, मी पायाने दाबायचो, चिखल पार गुडघ्यापर्यंत, आणि अकराच्या सुमाराला आजी पेज आणि मिठातली तोरं, म्हणजे कैऱ्या, घेऊन यायची. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार दाखवून आजोबा सांगायचे, बघ, भरतीचं पाणीच ते बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी उघडतं. एक भोक राहिलं की सगळ्या वाड्याचं भात खाऱ्या पाण्यात.

आता मी नेदरलँड्समध्ये राहतो. या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, पाणी सांभाळायला 21 वेगळी मंडळं आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा टॅक्स मी दरवर्षी भरतो. भरताना दरवेळी चोडण आठवतं, आपल्याकडे हेच काम गावकरी, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, करायची हो, शतकानुशतकं!

2023 ला गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम घातलं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या नावाखाली एकेका जमिनीचा झोन बदलायला लागले, मार्च 2025 मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले तेव्हा मला खरंच आनंद झाला. पण जमिनी विकत घेणाऱ्या दिल्लीवाल्यांना शिव्या घालताना विकणारा कोण हे आपण बोलतच नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, त्यांच्या नवरा-बायकोच्यासुद्धा, म्हणजे इथे बसलेल्या माझी पण.

तो कागद माझ्याकडे आलाय. आमचा बांध दोन पावसाळ्यांपूर्वी फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, आता तिथे खारफुटी उगवलीय, चुलतभाऊ म्हणतो पडून राहण्यापेक्षा विकूया. त्याच्यावर राग नाही माझा, इतकी वर्षं तो एकटा धावला, मी नुसते फोटो मागवले.

काल त्याला फोन केला. सही करणार नाही म्हटलं, पण मेमध्ये मुलीला घेऊन येतोय, आणि बांधाच्या खर्चातला माझा वाटा आधी पाठवतोय. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, माती काढायला माणसं एप्रिलातच सांगून ठेवायला हवीत.