रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

गेले काही दिवस एक मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय, आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, आणि आता तर पेशंटच मोबाईल पुढं करून विचारतायत की मॅडम हे खरं का. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं : जुनाट दुखणं शरीरात नसतंच, मेंदू ते तयार करतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. त्यामुळं एमआरआय नॉर्मल असेल तर दुखणं खोटं. मनानं कमजोर माणसांनाच ते होतं. त्यानं मेंदू कायमचा आकसतो. आणि उपाय काय, तर गोळ्या-व्यायाम सगळं बंद करा, लक्षच देऊ नका, २१ दिवसांत जातं.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. दिवसभर हेच बघते. मेंदूचा यात मोठा हात आहे एवढं खरं, आणि तेवढं खरं असल्यामुळंच पुढचं सगळं लोकांना पटतंय.

आधी ते "मेंदू तयार करतो म्हणजे खोटं" हे बघू. अहो, सगळंच दुखणं मेंदूत तयार होतं. पायात काटा मोडला तरी पायातल्या नसा फक्त इशारा पाठवतात, तो मज्जारज्जूतून वर जातो आणि दुखलं ही जाणीव मेंदूतच होते. वाटेत तो इशारा कमी-जास्त होऊ शकतो हे रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ सालीच मांडलं, गुडघा आपटल्यावर आपण तिथं चोळतो आणि बरं वाटतं त्याचं कारण त्यात सापडतं. मग काटा मोडलेल्याला आपण "तुझं दुखणं मेंदूत आहे, खोटं आहे" म्हणतो का?

आणि खोटी गोष्ट मशीनवर उमटत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातले डॉ. प्रसाद शिरवळकर आणि त्यांच्या टीमनं २०२३ साली एक काम छापलं, ते मला फार मोलाचं वाटतं. चार पेशंट, तिघांना स्ट्रोकनंतरचं दुखणं आणि एकाला कापलेल्या पायाच्या जागी होणारं. त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले आणि त्यांना घरी पाठवलं, दिवसातनं काही वेळा आत्ता किती दुखतंय ते त्यांनी सांगायचं आणि त्याच वेळी मेंदूतले सिग्नल रेकॉर्ड व्हायचे, असं कित्येक महिने. नंतर नुसत्या सिग्नलवरनं त्या माणसाला त्या वेळी जास्त दुखत होतं का कमी याचा अंदाज बांधता आला. डोळ्यांच्या वरच्या बाजूला, कपाळामागं जो मेंदूचा भाग आहे, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, तो या जुन्या दुखण्यात महत्त्वाचा निघाला. आणि मुद्दाम चटका दिल्यावर जे तात्पुरतं दुखतं त्याच्यात जास्त करून दुसराच भाग बोलत होता. म्हणजे जुनाट दुखणं ही मेंदूच्या दृष्टीनं वेगळी, मोजता येणारी गोष्ट आहे. पेशंट चारच होते, त्यामुळं उद्यापासून सगळ्यांचं दुखणं असं मोजतील असं नाही, पण "नाटक करतोय" म्हणायला जागा राहत नाही.

आता एमआरआय. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त माणसं इथंच भरडली जातात.

तासगावकडच्या एक मावशी माझ्याकडं येतात. आयुष्य द्राक्षबागेत गेलं, मांडवाखाली हात वर करून विरळणी, घड बुडवणं, दिवसच्या दिवस मान मागं टाकून. खांदा धरला, तो उपचारानं हलायला लागला, पण दुखणं गेलं नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काम सोडलंय म्याडम, तरी ठणाकतंयच, रात्री पदरसुदिक नको वाटतोय खांद्यावर." मी कापसाचा बोळा घेतला आणि आधी उजव्या दंडावरनं फिरवला, काही नाही. डाव्या खांद्यावर टेकवला मात्र, त्यांनी दात आवळले आणि खांदा आत ओढून घेतला. कापूस होता हो तो. त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तो रिपोर्ट खरा आहे, फक्त एमआरआय हाड, गादी, स्नायूबंध कसे दिसतात ते दाखवतो, नसा किती संवेदनशील झाल्यात ते दाखवत नाही.

हे असं का होतं त्याचा मोठा धागा क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवला. इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी इतक्या तापतात की नंतर साध्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद देतात. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. स्पीकरचा आवाज कुणीतरी फुल करून ठेवावा आणि मग कुजबुजसुद्धा कानठळ्या बसवावी, तसं. मावशींचा पदर म्हणजे ती कुजबुज. त्यांच्या सुनेला मी हे समोर बसवून सांगितलं, कारण घरात "रिपोर्टात काय न्हाई आन रोज कण्हतात" हे चालू होतं.

याची उलटी बाजू पण बघा. "मणक्यात गॅप आहे" म्हणून घाबरून कंबरेला पट्टा बांधून बसलेली माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय काढले, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती असेच लोक घेतले होते, आणि त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. तेव्हा रिपोर्टात काही नाही म्हणून दुखणं खोटं नाही, आणि रिपोर्टात आहे म्हणून त्यानंच दुखतंय असंही नाही.

"मनानं कमजोर माणसांना होतं." या वाक्याचा मला खरंच राग येतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्हानिया अपकारियन यांच्या टीमनं नुकतीच कंबर धरलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं, काहींची बरी झाली, काहींचं दुखणं मुक्कामाला राहिलं. २०१२ साली त्यांनी दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाचा आणि न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या आतल्या भागाचा संपर्क ज्यांच्यात सुरुवातीपासून जास्त घट्ट होता त्यांच्यात दुखणं टिकण्याची शक्यता जास्त होती. ही मेंदूच्या जोडणीची गोष्ट आहे, हिंमतीची नाही. दुखणं जुनं होत गेलं की भावनांशी संबंधित भाग जास्त गुंततात हेही त्यांनी नंतर दाखवलं, म्हणून तर भीती, झोप नसणं, घरातली कटकट यानं दुखणं वाढतं. ऊस तोडणारा गडी असो नाहीतर मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, यांना कमजोर म्हणायची कुणाची छाती आहे?

मेंदू आकसतो हे अर्धंच सांगितलंय. जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या मेंदूचा करडा भाग काही ठिकाणी कमी दिसतो, हे २००४ साली याच टीमनं दाखवलं. पण "कायमचा" हा शब्द कुणी घातला? खुब्याचा सांधा बदलून दुखणं गेलेल्यांमध्ये तो भाग परत वाढलेला २००९ साली दिसला, आणि कंबरेवर उपचार लागू पडलेल्यांमध्ये २०११ साली. माझ्याकडं एक रिटायर्ड शिक्षक हा मेसेज वाचून तीन रात्री झोपले नव्हते, त्यांच्यासाठी तरी हे ठळक लिहायला पाहिजे.

राहिलं "सगळं बंद करा आणि लक्ष देऊ नका". हे बहुतेक कोलोरॅडोतल्या एका चांगल्या अभ्यासाचं मोडतोड केलेलं रूप असावं. त्यात जुनी कंबरदुखी असलेल्यांना दुखण्याकडं बघण्याची मेंदूची सवय बदलायचे उपचार दिले, आणि त्या गटातले ६६ टक्के लोक चार आठवड्यांत जवळजवळ दुखणंमुक्त झाले, खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या गटात २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. आकडे भारी आहेत. पण तिथं आधी डॉक्टर बोलले, मग शिकलेल्या थेरपिस्टबरोबर आठ सेशन झाली, कंबरेपेक्षा पाय जास्त दुखणारे लोक घेतलेच नव्हते, आणि दुर्लक्ष करायला तर कुणी सांगितलंच नाही, उलट दुखतंय तिकडं न घाबरता नीट लक्ष द्यायला शिकवलं.

मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक आणून महिनोन्महिने खाणं वाईटच, पोट आणि किडनी दोन्हीला महागात पडतं, ते थांबवा. पण नसांसाठी डॉक्टरांनी दिलेलं प्रीगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन मेसेज वाचून एका दिवसात सोडलं तर मळमळ, चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं हे होऊ शकतं. ते डॉक्टरांना विचारून हळूहळूच उतरवायचं. आणि व्यायाम तर अजिबात सोडू नका. मावशींना मी पहिल्या आठवड्यात फक्त भिंतीवर बोटं चालवत हात खांद्याएवढा न्यायला सांगितला होता, दुखलं तर तिथंच थांबायचं, खाली आणायचं, परत न्यायचं. आता त्या केस स्वतः विंचरतात. दुखणं आहे अजून, पण पदर डाव्या खांद्यावर आहे.

एक मात्र ताबडतोब. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातलं बळ जायला लागलं तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं असेल तरी डॉक्टरांकडं लवकर जा. ज्या ग्रुपवर तो मेसेज आलाय तिथं निदान हा शेवटचा पॅरा तरी टाका.