तुकडा खराब करून पाठवायचा आणि स्टेनिंगला नावं ठेवायची!

आज परत तेच. सीडी ३१, म्हणजे रक्तवाहिन्यांचं अस्तर रंगवणारी अँटिबॉडी, लावलेली गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली आणि डोकंच फिरलं. गाठीच्या कडेला चार केशवाहिन्या तपकिरी उठल्यात, मधोमध शुकशुकाट. चांगली जाडजूड धमनी समोर दिसतेय, आत लाल पेशी आहेत आणि तिच्या अस्तराला रंगाचा थांगपत्ता नाही! जिथे धमनी रंगत नाही तिथे ५ ते १० मायक्रॉनची केशवाहिनी काय रंगणार?

वरून ऑपरेशनवाल्यांचा फोन, "मॅडम, तुमची अँटिबॉडी बदला." का बदलू? त्याच बॅचमध्ये टॉन्सिलचा कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा तुकडा, लख्ख आलाय. ऑपरेशन थिएटरमधून आली अख्खी गाठ, एकही काप न देता, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली, तुकडा टिकवणारं फॉर्मलिन जेमतेम बुडण्यापुरतं. अहो, ते आत शिरतं तासाला मिलिमीटरभर, फार तर! मधला भाग रात्रभर कुजतो. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन लागतं, हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. जोडून सुट्ट्या आल्या की उलटी तऱ्हा, आठवडाभर तुकडा फॉर्मलिनमध्येच. प्रथिनं अशी जखडतात की ती मोकळी करायला साइट्रेटमध्ये उकळा नाहीतर पीएच ९च्या ईडीटीएमध्ये, हाती काही लागत नाही.

खरा संताप आम्लता रोखणारा बफर न घातलेल्या फॉर्मलिनचा. ते आम्लधर्मी होतं आणि जिथे रक्त तिथे काळपट तपकिरी कण साचतात. आमच्या स्टेनिंगमधल्या डीएबी या रंगद्रव्याचा रंगही तपकिरीच! १९९१ साली वाइडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात वाहिन्या मोजल्या तेव्हापासूनचा नियम आहे, पोकळी दिसली नाही तरी रंगलेली सुटी पेशीसुद्धा एक वाहिनी धरायची. आता हा ठिपका पेशी आहे की कचरा, हे फोकस खालीवर करत ठरवताना डोळे फुटायची वेळ येते. आणि आकडा चुकला तर जबाबदार मीच.

बफर म्हणजे काय, तर लिटरमागे ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि साडेसहा ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट. एवढंच घालायचंय! तेवढ्यासाठी एका बाईच्या अंगातून काढलेला तुकडा वाया घालवता? तो पुन्हा काढता येणार आहे का?

यापुढे बाटलीवर तुकडा काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर ती बाटली तक्रारीची नोंद केल्याशिवाय मी हातात घेणार नाही. करा कोणाला फोन करायचा तो.