चांदण्यांचा कायमचा बंदोबस्त

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरून रात्री अजूनही पंचवीस-तीस तारे दिसत असतील, तर दोष ताऱ्यांचा नाही, तुमच्या कमिटीचा आहे. ते बिचारे जुन्या सवयीनं उगवतात. त्यांना घालवायचं काम आपलं. आमच्या सोसायटीच्या प्रकाशयोजना उपसमितीवर मी चार वर्षं आहे, त्या जोरावर सांगतो: काम अवघड नाही, खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून निघतो, आणि जनरल बॉडीत एकही हात विरोधात वर होत नाही.

आधी दिवा. इलेक्ट्रिशियन विचारेल, ‘साहेब, पांढरा देऊ का वॉर्म?’ पांढरा घ्या. फटफटीत, साडेसहा हजार केल्विनचा, ज्याच्या उजेडात पार्किंगमध्ये भेटलेला शेजारी नुकताच शवागारातून उठून आल्यासारखा दिसतो. ह्यामागं शास्त्र आहे. असल्या पांढऱ्या एलईडीत निळ्याचा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळं दिसतं ते ह्याच कारणानं. म्हणजे तेवढ्याच युनिटात आभाळ अधिक उजळतं. पिवळसर दिवा घेतलात तर पैसे जातील आणि मृग नक्षत्र तिथंच राहील.

मग दिव्याचं तोंड. काही अतिशहाणे लोक दिव्याला वरून टोपी घालतात आणि उजेड खाली पाडतात. असं करू नका. उजेड रस्त्यावर पडला की रस्ता दिसतो, रस्ता दिसला की खड्डे दिसतात, आणि मग उगाच राजकारण होतं. फ्लडलाइट पाण्याच्या टाकीवर चढवून पंचेचाळीस अंशांत वर रोखा. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या वाडवडिलांनी समईकडे बघून केली. तिचा खरा अर्थ दोनशे वॉटला कळतो.

‘एवढा उजेड कशाला?’ असं कोणी विचारलंच, तर एकच शब्द उच्चारायचा. चोर. ह्या शब्दापुढं आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. उजेडानं चोर पळतात का, हा प्रश्न वेगळा. आमच्याकडे दोन सायकली आणि पाण्याची एक मोटर भर उजेडातून गेली. सीसीटीव्हीत दिव्याचा मोठा पांढरा गोळा दिसतो, त्याच्यामागून एक पाय जाताना दिसतो. भिंतीपलीकडे, डोळे दिपल्यामुळे, पूर्वीपेक्षा जास्त मिट्ट काळोख आहे. आणि वॉचमनकाका माकडटोपी नाकापर्यंत ओढून झोपतात, कारण एवढ्या उजेडात माणसाला झोप कशी येणार? पण लोकांना सुरक्षित वाटतं, आणि वाटणं महत्त्वाचं.

झाडं उरली असतील तर त्यांनाही सोडू नका. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळा. 2022च्या अखेरीला जी-20चे पाहुणे आले तेव्हा मुंबईनं हे करून दाखवलं. पाहुणे गेले, माळा राहिल्या. झाडावरच्या कावळ्याला त्यामुळे रात्रपाळी लागली, पण शहर घडवायचं म्हणजे कोणाला तरी तोशीस पडणारच.

आपण एकटेच झटतोय असं मनात आणू नका. 2016 साली जगभरच्या आभाळाचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की जगातल्या एक तृतीयांश माणसांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसतच नाही. आणि 2023मध्ये, हजारो हौशी लोकांनी बारा वर्षं तारे मोजून पाठवलेल्या नोंदींवरून, संशोधकांनी सांगितलं की रात्रीचं आभाळ दर वर्षी जवळजवळ दहा टक्क्यांनी उजळतंय. दरसाल दर शेकडा दहा! कुठली बँक देते हल्ली? त्यांनीच हिशेब मांडलाय: जिथं आज अडीचशे तारे दिसतात तिथं जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी शंभरच दिसतील. मतदानाचा हक्क मिळेपर्यंत दीडशे तारे वजा. चक्रवाढीचं गणित शिकवायला ह्याहून चांगलं उदाहरण नाही.

परंपरेची काळजी करणारे लोक मध्येच लग्नाचा मुद्दा काढतील. सप्तपदी झाल्यावर वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची असते, त्याचं काय? काही अडत नाही. मुहूर्त सकाळचा असतो, कार्यालयाला फॉल्स सीलिंग असतं, गुरुजी एसीच्या जाळीकडे बोट दाखवतात, मुलगी ‘दिसली’ म्हणते, फोटोग्राफर म्हणतो, ‘ताई, परत एकदा वर बघा.’ पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच वर असतो, म्हणजे त्याचा निकाल आपल्या आधी समोरच्या बिल्डरनं लावलाय. राहिली अरुंधती. वसिष्ठाला खेटून असलेली ती बारीकशी चांदणी पूर्वी नजरेची परीक्षा घ्यायला वापरत. जुनं वचन असं की जिला अरुंधती दिसत नाही किंवा ज्याला दिसत नाही, त्याचं आयुष्य सरत आलं. ह्या हिशेबानं अख्खं पुणं केव्हाच वारलेलं आहे, आणि तरीही पौड रोडवर गर्दी आहेच.

ह्याच पुण्यात 1888च्या सुमाराला खगोलशास्त्रज्ञ के. डी. नेगमवालांनी कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वेधशाळा उभी केली होती. वीस इंची परावर्तक दुर्बीण, त्या काळी देशात सगळ्यात मोठी, आणि ती भर गावात! नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, 1912 साली दुर्बीण कोडाईकनालला गेली. सुटली बिचारी. पुढं आयुकाला, म्हणजे पुण्यातल्याच खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेला, दोन मीटरची दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा थेट जुन्नरजवळ गिरवलीचा डोंगर गाठावा लागला. तेही 2006 साली. नारायणगावचे दिवे आता कुठवर आलेत ते जाऊन बघा.

सगळ्यात मोठा धोका मात्र बाहेरून नाही, तो महावितरणकडून आहे. भारनियमनाचे दिवस आठवा. आठ-आठ, दहा-दहा तास वीज नाही, सगळं गाव अंगणात नाहीतर गच्चीवर. सतरंजी, पाण्याचा तांब्या, पुठ्ठ्याचा पंखा. दुसरं बघायला काही नसल्यामुळे लोक वर बघायचे. ही कृत्तिका, हा व्याध, ती शर्मिष्ठा, असं आजोबा नातवंडांना बेकायदेशीरपणे शिकवायचे. महाराष्ट्रात खगोलशास्त्राचा एवढा मोठा वर्ग आधी भरला नव्हता आणि नंतरही भरला नाही, आणि तो वीज मंडळानं फुकट चालवला. आता इन्व्हर्टर आहे. तरी गाफील राहू नका. 17 जानेवारी 1994ला पहाटे भूकंप होऊन लॉस एंजेलिसची वीज गेली, तर घाबरलेल्या लोकांनी ग्रिफिथ वेधशाळेला फोन करून विचारलं की आभाळाला हे काय झालंय. काही झालं नव्हतं. तारे होते. मुंबईची अख्खी वीज 12 ऑक्टोबर 2020ला गेली ती सकाळी दहाच्या सुमाराला. थोडक्यात वाचलो.

दुसरा धोका पेंचचा. नागपूरजवळच्या ह्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आशियातलं पाचवं. कसं केलं? फार काही नाही. आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले. बस्स. रस्तेही उजळले आणि आभाळही काळं राहिलं. ही गोष्ट आपल्या सभासदांच्या कानावर जाता कामा नये. लोक ‘मग आपल्याकडे का नाही?’ असं विचारू लागले तर उपसमितीचं काय होईल?

आता एवढं करूनही तुम्हाला तारे बघायची हौस असेलच, तर ती पॅकेजमध्ये भागवा. पवना धरणाच्या काठी ‘ताऱ्यांच्या सान्निध्यात’ तंबू मिळतो. ताऱ्यांना एकटं वाटू नये म्हणून प्रत्येक तंबूवर दिव्यांच्या माळा असतात, मधोमध हॅलोजन, बाजूला डीजे, शेगडीवर पनीर. मान वर करायची गरजच पडत नाही, रोषणाई डोळ्यांसमोर असते.

कोणी फार आग्रह करून खऱ्या आकाशदर्शनाला, वांगणीला वगैरे, घेऊन गेलंच, तर पौर्णिमेची रात्र निवडा. मराठी माणूस चांदणं आणि चांदण्या ह्यांत फरक करत नाही, त्याचा फायदा घ्या. चंद्र एवढा असतो की बाकीचे आपोआप विझतात. अमावास्याच नशिबी आली, तर हे लक्षात ठेवा: डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून दर पंधराव्या मिनिटाला मोबाइल उघडून व्हॉट्सअ‍ॅप बघायचं. मुक्कामाला उशिरा पोचायचं, आणि गाडी वळवताना अप्पर मारायचा. आयोजकांनी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलेला असतो, त्यांना विचारायचं, ‘बॅटरी उतरलीय का?’ देवयानीतली दीर्घिका दाखवायला ते दुर्बीण लावतील, तिचा फोटो फ्लॅश टाकून घ्यायचा. पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे, पण नव्या फोनचा फ्लॅश चांगला असतो. मग ‘माझी वृषभ रास, सध्या शनी कुठंय?’ हे विचारायचं. शेवटी ऑगस्टच्या 27 तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसतो तो मेसेज दाखवायचा. 2003पासून तो दर पावसाळ्यात उगवतो. एवढ्या नियमितपणे तर धूमकेतूसुद्धा येत नाहीत.

जाता जाता काजवेही उरकून घ्या. मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा निरोप असतो. रात्री अकराला तिथं एकामागं एक गाड्या हेडलाइट लावून उभ्या असतात आणि लोक टॉर्च मारून काजवे शोधत असतात. डोळ्यांपुढं काजवे चमकणं हा वाक्प्रचार ह्यापुढं बहुधा कानाखाली मिळाल्यावरच अनुभवता येईल. कोकणात वेळासला कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजळ क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतात. किनाऱ्यावर एखादं झगझगीत रिसॉर्ट बांधा, बघा कशी बुकिंग न करता आत येतात.

आता आमच्याकडची एक दुर्घटना सांगून थांबतो, कारण तिच्यातून उपसमितीला बरंच शिकायला मिळालं.

गेल्या वैशाखात एका रात्री नऊच्या सुमाराला टाकीवरच्या फ्लडलाइटची वायर जळाली. त्यात आसपासच्या दोन सोसायट्यांचीही वीज गेलेली. उकाड्यानं लोक गच्चीवर आले. पंचवीस-तीस होते ते तारे बघता बघता शंभरावर गेले. चौथ्या मजल्यावरच्या आजी, मूळच्या आर्वीकडच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी उत्तरेला हात केला आणि नातीला म्हणाल्या, ‘ते पाह्य, बाज.’ सप्तर्षींचा चौकोन म्हणजे बाज, आणि मागं वाकडे चालत आलेले तीन तारे म्हणजे बाजेचे पाय चोरायला निघालेले चोर. विदर्भातले गोंड लोक हीच गोष्ट सांगतात. बाजेचे तीन पाय ठसठशीत आहेत, पण चौथा, चोरांच्या सगळ्यात जवळचा, मुळातच फिकट. फ्लडलाइट चालू असताना तो आमच्या गच्चीवरून दिसत नाही.

‘इतके दिवस मले वाटे, एक पाय त नेलाच चोरायनं,’ आजी म्हणाल्या. ‘नाही नेला. हाये अजून.’

अध्यक्ष जिन्यातून धापा टाकत वर येत होते. त्यांच्या कानावर एवढाच शब्द पडला.

‘चोर? कुठं? किती होते?’

‘तीन,’ नात म्हणाली, आणि वर बोट दाखवलं.

अध्यक्षांनी बोटाच्या दिशेनं टाकीकडे बघितलं, मोबाइलचा टॉर्च लावून टाकीमागं जाऊन आले, आणि तिथूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो पाऊण तासात आला. जुना दिवा दुरुस्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या अंगाला आणखी दोन बसले, चारशे-चारशे वॉटचे. बिलावर मीच सही केली. आजी त्यानंतर दोनदा वर आल्या होत्या. बाजेचे दोन पाय गेले म्हणतात.