अंगठा न उचलण्याची कला

दोन क्लॅरिनेटचं ड्युएट बसवताय आणि अजून भांडण झालेलं नाही? म्हणजे तुम्ही नोटेशन नीट वाचलेलं दिसत नाही. शोधा, कुठेतरी एफ नावाचा एक संशयास्पद सूर नक्की सापडेल.

उत्तम जात अशी: बारच्या (मात्रांच्या एका खणाच्या) शेवटी एफ शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढवलेला एफ, त्याला टाय (सूर न तोडता लांबवणारी कमान), टाय बारलाइन ओलांडून पुढच्या बारमध्ये. तिथे दोन मात्रा गेल्या की पुन्हा एफ, पण या वेळी चिन्ह नाही. की सिग्नेचरमध्येही, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या कायम चिन्हांतही, एफला शार्प नाही. नियम सांगतो की शार्पची मुदत बारपुरती. टायमुळे ती फक्त त्या धरलेल्या सुरापुरती पुढे जाते. म्हणजे नवा एफ नॅचरल, न चढवलेला. नियम तुमच्या बाजूने असेल तर तो मोठ्याने वाचून दाखवा. नसेल तर म्हणा, "छापणाऱ्याने गाळलंय हो!" गंमत म्हणजे हे अनेकदा खरंही असतं. म्हणून तर जाणते संपादक अशा जागी, गरज नसतानाही, आठवणीपुरतं एक चिन्ह कंसात टाकतात. तुमच्या प्रतीत ते नसणं हे तुमचं भाग्य.

आता पथ्यं. जोडीदाराच्या ओळीकडे चुकूनही बघू नका. त्याच्याकडे त्याच मात्रेवर डी आणि ए असले, तर तुमच्या एका सुरावर अख्खा कॉर्ड (एकत्र लागणारे सूर) मेजर की मायनर, उजळ की उदास, हे ठरतं, आणि आधीच्या चार बारांचा ओघ बघितला तर वाद पाच मिनिटांत मिटायची भीती असते. हीच धून पुढच्या पानावर दुसऱ्या पट्टीत पुन्हा येते, तिथे चिन्ह स्वच्छ छापलेलं असतं. ते पान क्लिप लावून बंद ठेवा.

फारच कोंडी झाली तर पियानोकडे जा. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो. त्यामुळे पियानोवर कागदावरचाच एफ दाबला की तुमच्या दोघांचंही चुकलेलं ऐकू येईल आणि चर्चेला नवं वळण मिळेल. फ्रेंच संगीतकार पूलांकने 1918 साली दोन क्लॅरिनेटसाठी सोनाटा लिहिला, त्यात एक वाद्य बी फ्लॅटचं, दुसरं ए चं. तिथे दोघांनी लिहिलेला एफ वाजवला तरी सूर एक येत नाही. हौशी भांडखोरांनी त्या वाटेला सावकाश जावं.

दोन्ही वाजवून बघू, असं कोणी सुचवलं तर तत्त्वाचा प्रश्न उभा करा. पाच रेघांमधल्या सर्वांत खालच्या घरातला हा एफ. नॅचरलला नुसता डावा अंगठा मागच्या भोकावर, शार्पला अंगठा उचलून तर्जनी पुढच्या भोकावर. एवढंच. पण अंगठा उचलला म्हणजे माघार घेतली, हे जोडीदाराला बरोबर कळतं.

पेन्सिल मात्र जवळ असू द्या. चहाच्या सुट्टीत त्याच्या प्रतीत नॅचरल लिहून ठेवा. तुमच्या प्रतीत त्याने लिहिलेला शार्प तुम्हाला नंतर सापडेलच.

कार्यक्रमात आपापलं मत वाजवा. तीच धून आधी तुमच्याकडे मायनर, मग त्याच्याकडे मेजर. श्रोत्यांतला एखादा जाणकार नंतर भेटून सांगेल, की संगीतकाराने ऊन-सावलीचा हा खेळ काय सुंदर केलाय. नम्रपणे मान डोलवा, आणि तो गेला की विचारा, "ऐकलंस? त्याला माझा एफ आवडला."